सगळे पोचले का?

आमच्या शेठचं ऑफिस चाकांवर होतं, पण चाकांत हवा नव्हती. घोडेगावच्या बाहेर, भीमाशंकरकडं जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड. शेडात धावत्या ॲम्ब्युलन्स आणि कोपऱ्यात चिंचेखाली त्यांची सगळ्यात पहिली गाडी, एक जुनी व्हॅन. तिचं इंजिन केव्हाच बसलं होतं. पण शेठ रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून त्या व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर येऊन बसायचे आणि तिथूनच सगळा कारभार हाकायचे. भेटायला आलेल्यांनी मागं नातेवाइकांच्या बाकड्यावर बसायचं. माणूस जरा मानाचा असला तर स्ट्रेचरवर. शेठ मागं वळून कुणाकडं बघायचे नाहीत. समोरच्या आरशात बघून बोलायचे. शेजारची सीट रिकामी असली तरी तिथं बसायची परवानगी कुणालाच नव्हती. त्या सीटवर एक काठी आडवी ठेवलेली असायची.

त्यांना सगळे शेठ म्हणायचे, पण शेठ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. अंगात ड्रायव्हरचा खाकी शर्ट, पायात टायरच्या चपला, आणि बोलणं शिनोलीचं, म्हणजे एकदम रोखठोक. नवी गाडी घेतली की तिच्या पूजेला भटजी नसायचे. शेठ स्वतः स्ट्रेचरवर उताणे झोपायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, "चल, डिंभ्यापर्यंत जाऊन ये." परत आल्यावर उठून सांगायचे, "मान आवघडली. उशी बदला." ही पूजा.

मी तेव्हा नारायणगावला एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. कंपनी म्हणजे खतं-बियाण्यांच्या दुकानावरचा मजला, काही टेबलं आणि सतत गळणारा एसी. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायचो. केसपेपर, बिल, औषधं, डिस्चार्ज, सगळं त्यात. मी सपोर्टला होते. सपोर्ट म्हणजे डॉक्टरांची बोलणी खायची आणि गोड आवाजात सांगायचं, "सर, एकदा बंद करून चालू करा ना." जुन्नर-आंबेगावातले बरेच दवाखाने आमच्याकडं होते आणि पुण्यातलं एक मोठं हॉस्पिटल. त्या एका हॉस्पिटलच्या जिवावर आमचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, लग्नाकार्यात जरा ताठ चालायचे. पुढं बड्या कंपन्या उतरल्या, आमची गिऱ्हाइकं गळायला लागली आणि सरांनी कंपनी विकायला काढली.

घ्यायला कोण आलं, तर ॲम्ब्युलन्सवाले शेठ. आता बोला!

तालुक्यात नुसता हशा. कुणी म्हणालं, आता कॉम्प्युटरला बी सायरन बसवणार. कुणी म्हणालं, पोराचं लग्न जमत नसंल, बायोडाट्यात लिहायला घेतली असंल. शेठना पोरगा नव्हता, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार.

बोलणी त्या व्हॅनमध्येच झाली. सर स्ट्रेचरवर, मी लॅपटॉप धरून बाकड्यावर. सरांनी आठवडाभर खपून तयारी केलेली. तालुक्यातली आरोग्यसेवा एका धाग्यात कशी ओवता येईल, वगैरे. शेठ आरशात बघत होते.

"उलटं दिसतंय," ते म्हणाले.

"शेठ, आपण जरा मागं वळून बघितलंत तर..."

"ऱ्हाऊ द्या. मला एकच सांगा. पुण्यातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर जे चालतं, ते तुमचंच ना?"

"हो, आमचंच."

"समदं?"

"अगदी पेशंट आत आल्यापासून डिस्चार्जपर्यंत."

"मंग घेतो," शेठ म्हणाले, आणि खिडकीतून हात बाहेर काढून चहा सांगितला.

सर परतताना गाडीत नुसते हवेत. म्हणे, माणसाची दृष्टी बघ, साधा वाटतो पण मुद्द्यालाच हात घातला. एका पेपरात त्यांच्या दूरदृष्टीवर मजकूरही आला, फोटोसकट. फोटोत शेठ आरशात दिसतात.

सही झाल्यावर ते पहिल्यांदा आमच्या नारायणगावच्या ऑफिसात आले. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि जिना चढून दम लागलेला असतानाच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, आता बग. चिंधू कुठाय?"

"कोण चिंधू?"

"आहुप्याचा. आमच्या गाडीनं न्हेला व्हता त्या हॉस्पिटलात. आता कंपनी आपली झाली ना? बग की."

मी सरांकडं बघितलं. सर पेढा खात होते, तो तसाच तोंडात राहिला. त्यांनी शेठना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं. की सॉफ्टवेअर आपलं असतं, पण त्यातली माहिती हॉस्पिटलची असते. आपल्याला ती बघता येत नाही, आणि बघायचीही नसते. सोपं करून सांगायचं म्हणून म्हणाले, "शेठ, आपण तिजोऱ्या बनवून विकतो. आतला ऐवज ज्याचा त्याचा."

"आन किल्ली?"

"किल्लीपण त्यांच्याकडंच."

शेठनी हातातला पेढा टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आमच्यात रान घेतलं तर त्यातली हीर बी येती. आन हिरीत पाणी बी आसतं."

मला खरं सांगायचं तर हसू येत होतं. एवढी कंपनी घेतली माणसानं, आणि कशासाठी, तर एका पेशंटचा पत्ता विचारायला. हसू फार वेळ टिकलं नाही, कारण त्यांच्याबरोबर आलेल्या बबन ड्रायव्हरनं जिन्यात मला सगळं सांगितलं.

चिंधूबाबा आहुप्याचा म्हातारा. डोंगरातला गडी, भात आणि नाचणी लावायचा, कानानं जरा कमी. बऱ्याच वर्षांपूर्वी अंतर्गळाचं ऑपरेशन करायला शेठनी त्याला स्वतः गाडी चालवत पुण्याला नेलं, ह्याच जुन्या व्हॅनमधून. निघताना म्हातारी, ठकूबाई, गाडीला आडवी झाली. नवरा घाटाखाली कधी उतरला नव्हता. तेव्हा शेठनी तिला शब्द दिला, "म्या न्हेतोय, म्याच आणून सोडीन." आणि हॉस्पिटलच्या गेटात म्हाताऱ्यालाही ओरडून सांगितलं, "बाबा, म्या न्यायला येतो. मी येईस्तवर हलू नका."

ऑपरेशन चांगलं झालं. सोबतीचा पुतण्या भातलावणी खोळंबली म्हणून एक दिवस गावी गेला, आणि नेमका त्याच दिवशी म्हाताऱ्याला डिस्चार्ज मिळाला. शेठना कुणी कळवलंच नाही. म्हातारा गेटावर येऊन बसला. चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं तर म्हणायचा, "माजी गाडी यायचीय." दिवसभर बसला. दुसऱ्या दिवशी टपरी उघडली तेव्हा बाकड्याला टेकून ठेवलेली काठी होती, म्हातारा नव्हता.

पोलिसांत तक्रार झाली, फोटो लावले, स्टेशनं, धर्मशाळा, देवळं सगळं पालथं घातलं. काही नाही. व्हॅन त्यानंतर लवकरच बंद पडली आणि शेठनी ती दुरुस्त केली नाही. शेजारच्या सीटवरची काठी ती हीच. आणि तेव्हापासून शेठच्या गाड्यांना एक नियम लागला. पुण्याला कुठल्याही हॉस्पिटलला पेशंट घेऊन जा, परत निघताना त्या गेटावर गाडी लावायची, टपरीवर चहा प्यायचा, इकडंतिकडं बघायचं आणि मगच नाशिक रस्त्याला लागायचं. बबन म्हणाला, "चा एकदम भंगार असतो, पर पितो आमी."

मग शेठनी रीतसर अर्ज दिला. हॉस्पिटलनं बरेच हेलपाटे घालायला लावले, पण शेवटी तिथल्या साहेबांनी पोलिसांचं पत्र बघून आमच्यासमोर कॉम्प्युटर उघडला. आमचंच सॉफ्टवेअर, आमचाच निळा स्क्रीन. प्रकृती समाधानकारक. डिस्चार्ज. फाइल बंद.

"बंद म्हंजी?" शेठनी विचारलं.

"म्हणजे केस संपली," साहेब म्हणाले.

"माणूस घरी पोचला न्हाई आन केस संपली?"

"आमच्याकडची संपली."

परत येताना राजगुरुनगर मागं पडलं. घाट उतरून मंचरच्या अलीकडं शेठ मला म्हणाले, "ताई, मुराळी म्हंजी काय ठाव हाय ना तुला?"

आता आमच्याकडची कुठली बाई मुराळी विसरेल! सणाला लेकीला आणायला भाऊ सासरी जातो, तो मुराळी. त्याची रीत अशी, की ज्यानं लेक आणली त्यानंच ती परत नेऊन पोचवायची. वाटेत सोडून दिली, 'जा गं तुझी तू' म्हणाला, तर त्या भावाला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

"आपला डायवर मुराळी हाय," शेठ म्हणाले. "आन आता तुमचा कॉम्प्युटर बी मुराळीच पायजे. डिस्चार्जच्या म्होरं एक बटण घाला. घरी पोचला. ते दाबल्याबिगर फाइल बंद व्हता कामा न्हाई."

कंपनी विकल्यावरही कारभार बघायला थांबलेल्या सरांनी कपाळावर हात मारला. आमच्या पोरांनी सांगितलं, शेठ, असं बटण जगात कुठंच नसतं. शेठ म्हणाले, "जगातलं लोक कसं बी जात्याल. आपलं घाटानं जात्यात." झालं, बटण आलं.

मग जो गोंधळ झाला तो मी निस्तरला, म्हणून मला माहीत. डॉक्टर चिडले. मंचरच्या एका डॉक्टरांनी मला फोनवर झापलं, "माझं काम पेशंट बरा करायचं आहे, त्याला घराच्या उंबऱ्यात ओवाळायचं नाही." त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या स्क्रीनवर बरे झालेल्या माणसांच्या उघड्या फायली साचत चालल्या होत्या. दोन-तीन गिऱ्हाइकं सोडून गेली. शेवटी शेठनी ठरवलं की दवाखान्यांनी पेशंटची परवानगी आणि फोन नंबर तेवढा द्यायचा, विचारपूस आपण करायची. आपण म्हणजे कोण? मी!

कुठं तरी नोकरीत वर चढायचं सोडून मी दिवसभर लोकांना फोन लावत बसायचे. शेठनी प्रश्न ठरवून दिले होते, आणि त्यात एक अक्षर बदलायचं नाही. घरी पोचलात का? जवळ कोण आहे? गाडीत काही राहिलं का? हा शेवटचा प्रश्न कशाला, म्हणून मी वाद घातला. पण लोकांचं गाडीत काय काय राहतं ते तुम्हाला माहीत नाही. डबे, स्वेटर, चष्मे, एकदा कवळी. त्या कवळीचे आजोबा फोनवर काय बोलतात ते मला कळेना, आणि का कळत नाही ते फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

लोक एकदा बोलायला लागले की थांबत नसत. पोचलो, पण कोंबडी दिसंना. पोचलो, पण सुनेनं भात कच्चा ठेवला, तू जरा सांग तिला. एक बाई तर आठवडाभर "न्हाई पोचले" असंच सांगत होती, कारण पोचले म्हटलं की फोन बंद होईल. घर म्हणजे कुठलं, ह्यावरही वाद झाले. बाळंतीण माहेरी गेली तर ती पोचली का नाही? प्रकरण व्हॅनपर्यंत गेलं. शेठनी आरशात बघून निकाल दिला, "माहेर म्हंजी घरच. पर सासरी गेल्यावं पुना इचारायचं." एक गडी डिस्चार्ज घेऊन थेट जुन्नरला मेहुण्याकडं जत्रेला जाऊन बसला होता. त्याला शेठनी स्वतः फोन केला आणि काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. गडी तासाभरात घरी.

आणि जे दवाखान्यातून जिवंत आलेच नाहीत त्यांचं काय, असं मी एकदा विचारलं. शेठ म्हणाले, "त्यास्नी बी घरीच न्ह्यायचं असतं की. इचारायचं." त्यांच्या घरच्यांना मी तिसरा प्रश्न विचारत नसे. तेवढं माझ्या मनानं मी गाळत होते.

शेठचं दुसरं एक वेड म्हणजे, रिकामी गाडी घाट चढत नाही. वर पेशंट आणायला निघालेल्या गाडीत घोडेगावच्या बाजाराला आलेल्या तळेघरच्या बाया, मिठाची पोती, कौलं, भाताचं बी, काय वाटेल ते असायचं. ऑक्सिजनला आणि स्ट्रेचरला मात्र हात लावायचा नाही. मी म्हटलं, शेठ, ही ॲम्ब्युलन्स आहे का जीप? तर म्हणाले, "वर जाताना जीप, खाली येताना ॲम्ब्युलन्स."

ह्या दोन्ही वेडांचा एकदा मेळ बसला. तळेघरची एक म्हातारी डोळ्याचं ऑपरेशन करून मंचरहून निघाली होती. मुलानं तिला जीपमध्ये बसवून दिलं आणि तो पुण्याला कामावर गेला. मी दुपारी शेजाऱ्यांना फोन लावला, तर म्हणे आली नाही. फाइल उघडी. मी बबनला कळवलं, तो मिठाची पोती घेऊन वर निघालाच होता. जीपवाल्यानं म्हातारीला शिनोलीच्या फाट्यावर उतरवलं होतं, पुढं जायला सीटा भरेनात म्हणून. ती डोळ्यावर हिरवी पट्टी लावून झाडाखाली बसलेली, भर दुपारची, पाण्याविना. बबननं गाडी लावली तर म्हातारी म्हणाली, "इतका उशीर व्हय रं?" जणू त्यानंच यायचं ठरलं होतं. बबननं हे सांगितलं तेव्हा मला भरून आलं. त्या दिवसानंतर मी बटणाबद्दल कुरकुर करायचं सोडलं.

शेठनी मात्र तो किस्सा ऐकून नुसती मान हलवली आणि रोजचाच प्रश्न विचारला. हा प्रश्न ते रोज सकाळी मला फोनवर विचारायचे, गुड मॉर्निंगच्या जागी.

"सगळे पोचले का?"

"एक सोडून, शेठ."

"बरं," म्हणायचे आणि फोन ठेवायचे.

तो एक म्हणजे चिंधूबाबा. बटण तयार झालं तेव्हा शेठनी आपल्याच गाडीचा पेशंट म्हणून पहिलं नाव त्याचं घालायला लावलं होतं. माझ्या स्क्रीनवर सगळ्यात वर रोज तेच नाव. खालची नावं येत-जात, हे हलत नसे. सरांनी एकदा सुचवलं की ते निदान वेगळं ठेवू, आकडे खराब दिसतात. शेठ आरशात इतका वेळ बघत राहिले की सर स्ट्रेचरवरून उठून उभे राहिले.

ठकूबाई अधूनमधून खाली यायची. आहुप्याहून एसटी मिळाली तर एसटीनं, नाहीतर मिळेल त्या गाडीनं. कधी शेठसाठी हिरव्या पानात बांधून करवंदं आणायची, कधी नाचणीचं पीठ. तिनं कधी शेठना बोल लावला नाही, आणि शेठना तेच सोसत नसे. ती आली की ते खिडकीबाहेर बघत बसायचे.

त्या दिवशी आली तेव्हा मीही व्हॅनमध्ये बाकड्यावर होते, हिशेबाच्या कटकटी घेऊन. ती बाकड्यावर न बसता खाली पत्र्यावरच बसली.

"वर बसा, वैनी," शेठ आरशात बघून म्हणाले.

"बरी हाय हितं." मग थोडं थांबून म्हणाली, "भाऊ, नातीचं लगीन ठरलंय."

"आरं वा. लई ब्येस झालं."

"ब्येस झालं, पर मला हळदीला बोलवायचं का न्हाई, ते बायास्नी कळंना. कुकू हाय म्हणून बोलवावं, तर दाल्ला कुठंय? न्हाई बोलवावं, तर म्या काय रांड झाले का? त्या गप ऱ्हात्यात. मला समोर बगून गप ऱ्हात्यात, भाऊ. त्येचंच लई लागतं."

शेठ खिडकीबाहेर बघायला लागले.

"जाणती माणसं म्हनत्यात, लई वरसं झाली. पिठाचा पुतळा करा, त्येला अग्नी द्या आन रीत उरकून टाका. म्या बी मनाची तयारी केली. पर एक आडतंय."

"काय?"

"घरातनं न्ह्यायचं तर आदी माणूस घरी यावा लागतो ना? त्यो आलाच न्हाई. वाटंवरच हाय. वाटंवरच्या माणसाला कसा न्हेणार?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुमी म्हनला व्हता, म्या आणून सोडीन. तर सोडा आता आणून. म्होरचं आमी बगू."

तेव्हा शेठ वळले. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या सीटवरून मागं वळताना पहिल्यांदाच पाहिलं. मान आखडलेली, एक हात स्टिअरिंगवर तसाच, आणि ते सरळ तिच्या तोंडाकडं बघत होते. काही तरी समजवायला जातील, पुण्यात अजून एकदा शोधू म्हणतील, असं मला वाटलं.

"कवा आणू?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"येतो."

सोमवारी सकाळी बबनची गाडी धुतली. स्ट्रेचरवर नवी चादर घातली, उशी ठेवली, पायाशी घोंगडी. शेठनी व्हॅनचा दरवाजा उघडून ती काठी उचलली आणि स्ट्रेचरवर मधोमध ठेवून वरून पट्टा लावला, पेशंटला लावतात तसा. बाजाराच्या दोन बाया वर जायला म्हणून आल्या होत्या. बबन त्यांना म्हणाला, "आज न्हाई, मावशे. गाडीत पेशंट हाय." बायांनी आत डोकावून बघितलं आणि मुकाट्यानं बाजूला झाल्या. शेठ मागं, नातेवाइकांच्या बाकड्यावर बसले. मला म्हणाले, "तू येऊ नगं. आफिसात जा. फोनवर बस."

मी नारायणगावला येऊन बसले. दुसरं कुठलं काम सुचेना. आहुप्याला फोन लागत नाही, रेंजसाठी वाडीच्या वरच्या टेपावर चढून यावं लागतं. दुपार कलली तेव्हा फोन वाजला. वारा लई होता, आवाज तुटत होता.

"ताई, इचार."

"काय विचारू, शेठ?"

"रोज इचारतीस ते. इचार की."

त्यांनी ठरवून दिलेले प्रश्न मला पाठच होते.

"घरी पोचले का?"

"पोचले."

"जवळ कोण आहे?"

"समदी हायेत. म्हातारी हाय. लेक, सुना, नात. आक्की वाडी हाय. उंबऱ्यावं भाकर-पाणी उतरून आत घेतला."

तिसरा प्रश्न मी विचारणार नव्हते. पण ते वाट बघत राहिले. वाऱ्याचा आवाज येत होता.

"गाडीत काही राहिलं का, शेठ?"

"न्हाई," ते म्हणाले. "काय ऱ्हायलं न्हाई. दाब आता."

मी बटण दाबलं. पहिली ओळ गेली आणि खालची वर आली, मंचरला अपेंडिक्स काढलेल्या एका पोराची. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. सर केबिनमधून बाहेर आले, बघितलं, आणि माझ्यासाठी पाणी ठेवून परत आत गेले.

रीत उरकली, आणि हळदीला ठकूबाईनं स्वतःच सांगितलं म्हणे, मी लांबून बघते, तुम्ही लावा. बाया मग तिच्याशी बोलायला लागल्या. हे बबननं सांगितलं. नातीची वरात ॲम्ब्युलन्सनंच खाली आणली होती, शेठच्या हुकुमावरून.

पण त्या मंगळवारचं सांगायचं राहिलं. सकाळी मला घोडेगावलाच काम होतं, म्हणून फोनऐवजी शेठनी मला समोरच विचारलं. ते ड्रायव्हर सीटवर, मी बाकड्यावर, नजर आरशातून. शेजारची सीट रिकामी होती.

"सगळे पोचले का?"

"हो शेठ. सगळे."

त्यांनी मान हलवली आणि स्टिअरिंगवरची धूळ हातानं पुसली. तेवढ्यात बबन खिडकीशी आला. तो एक पेशंट घेऊन पुण्याला निघाला होता. जरा घुटमळला, मग म्हणाला, "शेठ, एक इचारू? आता येताना त्या गेटावं थांबायचं का?"

शेठनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"का?" ते म्हणाले. "चा प्यायचा सोडला का तू?"